खोट्या पैशांची आढावा बैठक

माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांनी घर चालवून पाहिलं. मी पोळी लाटायला बसले की ते शेजारी उभे राहायचे आणि डावीकडून जरा घे, आता सावकाश, असं सांगायचे. मीही तेव्हा नुकतीच सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. मंगरूळपीरच्या आमच्या तीन खोल्यांत दोन रिकामी माणसं मावेनात. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की दिवाळीत येते आणि बाबांना काहीतरी नाद लावून देते.

ती आली आणि त्यांच्या मोबाइलमध्ये शेअर बाजाराचं एक ॲप टाकून गेली. त्यात भाव खरे होते, पैसे मात्र खोटे. सरावासाठी म्हणून खात्यात दहा लाख रुपये आपोआप जमा झालेले दिसायचे. सकाळी काहीतरी घ्यायचं, बाजार बंद व्हायच्या आत विकून टाकायचं आणि दिवस नफ्यात गेला की तोट्यात ते पाहायचं, एवढाच खेळ. सरावात चांगला नफा दाखवल्याशिवाय खऱ्या रुपयाला हात लावायचा नाही, असं लेकीने बजावलं होतं. यजमानांनी मान डोलावली आणि ती बसमध्ये बसल्याबरोबर आपल्या दोन मित्रांना बोलावून घेतलं. दहा लाखांची जोखीम एकट्याने घरात ठेवणं त्यांना बरं वाटेना.

पहिले मित्र म्हणजे वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. गल्ली त्यांना लाइनमन भाऊ म्हणते, मी नुसतं भाऊजी म्हणते. दुसरे घड्याळवाले भाई. दर्ग्याच्या रस्त्याला त्यांचं घड्याळांचं दुकान आहे. ते आता त्यांचा मुलगा पाहतो, म्हणजे रस्त्याकडे पाहतो, कारण मोबाइल आल्यापासून दुकानात पाहण्यासारखं काही राहिलं नाही.

तिघांनी पहिल्याच दिवशी खाती वाटून घेतली. यजमानांनी शेअर घेतले. ज्या कंपन्यांच्या गाड्या त्यांनी चालवल्या होत्या त्यांच्यावर त्यांचा विश्वास होता, आणि ज्यांच्या गाड्या घाटात बंद पडल्या होत्या त्यांचे शेअर ते रागाने विकायचे. फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच करायचा आणि थोड्या पैशांवर मोठी उलाढाल करायची, हे लाइनमन भाऊजींनी घेतलं. हे हाय टेन्शनचं काम आहे आणि इथे शिकाऊ माणसाने हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. भाईंचा भाचा दुबईला आहे, म्हणून डॉलर आणि इतर परदेशी चलनं त्यांच्याकडे गेली. दुबईत डॉलर चालत नाही हे मी एकदा सांगून पाहिलं. भाई म्हणाले, भाभी, बाहेरचा पैसा सगळा एकाच खानदानातला.

रोज संध्याकाळी चलनाचा बाजार बंद झाला की आमच्या ओसरीत दिवसभराच्या सौद्यांचा आढावा व्हायचा. सुरुवातीचे आढावे म्हणजे नुसता गोंधळ. ज्याला नफा झाला तो सकाळपासूनची हकीकत सांगायचा, ज्याला तोटा झाला तो आज बाजार खराब होता एवढं म्हणून चिवड्याची परात पुढे ओढायचा. तिघांचे बाजार वेगवेगळे असल्यासारखं चाललं होतं. शेवटी ते माझ्याकडे आले. मी नोकरीभर सभांची इतिवृत्तं लिहिली होती, तेव्हा या बैठकांचंही मीच पाहावं, असं त्यांनी एकमताने ठरवलं. ते त्यांचं पहिलं एकमत होतं.

मी अट घातली की बैठक असेल तर ती रीतसर होईल. आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम होईल, मग शेअर, फ्युचर आणि चलन असे विषय येतील, आणि ऐन वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने. अध्यक्ष मीच. चिवडा विषयपत्रिका संपल्यावर. हे शेवटचं कलम सोडून सगळं मंजूर झालं.

मग प्रत्येक तोट्याला कारण लिहून द्यावं लागायला लागलं, आणि ही कारणं लिहिताना माझी फार करमणूक झाली. समोरून एकदम विक्री आली, ब्रेक मारायला जागा नव्हती, असं यजमान लिहून द्यायचे. डॉलरची नियत सकाळपासूनच ठीक दिसत नव्हती, असं भाईंचं असायचं. नियत दिसत होती तर घेतला कशाला, असं मी विचारलं की ते म्हणायचे, सुधरेल असं वाटलं. लाइनमन भाऊजींची कारणं सगळ्यांत छोटी असायची. वरूनच सप्लाय नव्हता, असं ते लिहायचे आणि खाली सही करायचे.

पौषात एका दिवशी लाइनमन भाऊजींनी सकाळी फ्युचर घेतलं, घरी जाऊन भाकर-पिठलं जेवले आणि आडवे झाले. ते उठेपर्यंत बाजार कोसळला होता आणि आमच्या दहा लाखांतले दोन लाख गेले होते. संध्याकाळच्या बैठकीत मी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. बाजार चालू असताना आपण झोपला होता काय, असल्यास का, याचा खुलासा लेखी करावा. त्यांनी तिथेच बसून खुलासा लिहिला. मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून विचार करीत होतो. घोरण्याचा जो आवाज घरच्यांनी ऐकला तो कूलरचा असावा. पौषात कूलर माळ्यावर असतो, सबब खुलासा अमान्य, असा शेरा मी मारला आणि वाचून दाखवला.

मला वाटलं होतं सगळे हसतील. भाई हसले. यजमान मात्र लाल झाले होते.

“तुह्या झोपेपायी दोन लाख पान्यात गेले,” ते म्हणाले, आणि तेही ज्या आवाजात त्यांनी पंचवीस वर्षं मागच्या सीटवरच्या माणसाला दार लावायला सांगितलं त्या आवाजात.

लाइनमन भाऊजी उठले, पायांत चपला सरकवल्या आणि निघून गेले. जाताना ते भाईंच्या चपला घालून गेले. हे त्यांना कोपऱ्यावर पोहोचल्यावर कळलं असणार, कारण ते तिथे थोडा वेळ थांबलेले आम्हाला दिसले. पण रागाने निघालेल्या माणसाला चपला बदलायला परत येता येत नाही. लाइनमन भाऊजींच्या चपला भाईंना दोन बोटं लहान व्हायच्या, म्हणून ते माझ्या न्हाणीघरातल्या गुलाबी सपाता घालून बाजारातून घरी गेले.

यजमान त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्धी पोळी खाऊन उठले. मी समजूत घातली, की अहो, ते पैसे खोटे होते, लेकीला फोन केला तर ती आठाचे पुन्हा दहा करून देईल.

“पैसे खोटे असतील,” ते म्हणाले, “पन गेले तं खरेच ना.”

मी ते वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं लिहून घेतलं.

भांडण झालं त्या संध्याकाळी पलीकडच्या भिंतीआड शेजारच्या काकू वाळलेले पापड गोळा करत होत्या. त्यांनी दोन लाख हे शब्द ऐकले होते, आणि खोटे हा शब्द त्यांच्याकडे पोहोचला नव्हता. भाजीवालीने मला न मागता कोथिंबिरीची अख्खी जुडी दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा मला शंका आली. पिठाच्या गिरणीवर माझा डबा सगळ्यांच्या पुढे सरकवला गेला. माझ्या हातून जन्मात एवढा मान कमावला गेला नव्हता.

चौथ्या-पाचव्या दिवशी किन्हीराजाहून माझी नणंद आणि तिचे यजमान आले. बसमधून उतरताना त्यांच्याकडे तुरीच्या डाळीचं पोतं होतं आणि दोघांचे चेहरे मौतीला आल्यासारखे. नणंदेने दारातच माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. मी तिला पाणी दिलं, बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. भाव खरे, पैसे खोटे, नुसता सराव. ती डोळे पुसत ऐकत होती. आत तिचा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“वैनी,” ती म्हणाली, “खोटे पैसे गेले तं मंग दादा जेवत काहून नाई?”

मी म्हटलं, त्यांनाच विचार. तिने विचारलं. त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला, आणि तिची उरलीसुरली खात्री पटली.

तिच्या यजमानांना मी प्रत्यक्ष मोबाइल उघडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून पडदा नीट पाहिला. तिथे आठ लाख आणि वर काही हजार दिसत होते. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. एवढे शिल्लक आहेत तर रडायचं काय कारण, असं ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं की हेही खोटेच आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला आणि हळू आवाजात म्हणाले की बरोबर आहे, चारचौघांत असंच सांगत जा. तेव्हापासून आमच्याकडे आठ लाख आहेत ही बातमी किन्हीराजात पसरली आणि तिथल्या एका गणपती मंडळाने माझ्या यजमानांना पौषातच अध्यक्ष केलं.

तिचे यजमान परत गेले, नणंद राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचं मन रमावं म्हणून तिने त्यांना हा खेळ दाखवायला सांगितलं. यजमान उठून बसले आणि मोठ्या कष्टाने समजावू लागले. हिरवं बटण दाबलं की घेतलं, लाल दाबलं की आधी विकलं, मग भाव पडला की स्वस्तात परत घ्यायचं. आधी विकायचं आणि मग घ्यायचं हे तिला पटेना. नसलेली म्हैस कोण कशी विकेल, असं ती म्हणाली. ते उदाहरण शोधत असतानाच तिने लाल बटण दाबलं. मोबाइलवर लाइनमन भाऊजींचं फ्युचरचं पानच उघडं होतं. सौदा झाला. यजमानांनी मोबाइल तिच्या हातातून काढून घेतला, पण तो सौदा बंद कसा करायचा हे भाऊजींनाच माहीत होतं. यजमान बटणं शोधत राहिले, नणंद देवाचं नाव घेत राहिली आणि बाजार खाली खाली जात राहिला. त्यांना योग्य बटण सापडेपर्यंत गेलेल्या दोन लाखांतले बरेचसे परत आले होते.

यजमान त्या दिवशी तीन पोळ्या जेवले आणि वर भात मागितला.

संध्याकाळी रीतसर बैठक झाली. भाई गुलाबी सपातांवरच आले होते. आता त्यांना त्या आवडायला लागल्या होत्या, असा माझा संशय होता. नणंदेला पाहुणी सदस्य म्हणून बसवलं. नफा असो की तोटा, कारण लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही हा नियम होता. भाईंनी फार अदबीने विचारलं, की बहेन, सौद्यामागं तुमचा काय विचार होता.

“लाल चांगला दिसला,” ती म्हणाली. “कुकवासारखा.”

भाईंनी दाढीवरून हात फिरवला. मग ते म्हणाले की इतक्या दिवसांत इतकं साफ कारण या ओसरीत कुणी दिलं नाही. मी तसं लिहून घेतलं. नणंद दुसऱ्या दिवशी बसने परत गेली. डाळ तिने परत नेली नाही, कारण आम्हाला लागली नाही तरी गणपती मंडळाला लागेल म्हणाली.

फ्युचरचं खातं एका बाईने एका सकाळी सावरलं, ही बातमी लाइनमन भाऊजींपर्यंत त्यांच्या बायकोकडून पोहोचली. त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं की तेही इतके दिवस धड जेवत नव्हते आणि दुपारी झोप आली की उठून उभे राहत होते. बातमी कळली त्या संध्याकाळी ते आमच्या फाटकाशी आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या भाईंच्या चपला होत्या.

“माह्या टेबलावर कोन बसलं म्हनते?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे पाहून, यजमानांकडे नाही.

यजमानांनी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. ते उलटं होतं. दोघांना बोलायचं होतं आणि दोघांपैकी एकही सुरुवात करेना. भाई मध्ये बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. अशी भांडणं मी कचेरीत भरपूर पाहिली होती. तिथे साहेब कुणाची समजूत घालत नसत. बदली करत.

मी तिथल्या तिथे बदलीचे हुकूम काढले. लाइनमन भाऊजी चलनावर, भाई शेअरवर आणि यजमान फ्युचरवर. हुकूम वाचून होताच तिघंही एकदम माझ्यावर उखडले आणि त्या क्षणी त्यांचं आपसातलं भांडण संपलं. यजमान म्हणाले की लांब पल्ल्याच्या गाडीवरून काढून बैलगाडीवर बसवल्यासारखं झालं. कुठली गाडी, असं भाईंनी विचारलं, तर ते म्हणाले की कोणतीही धरा. चलन हे फार आडवळणाचं ठिकाण आहे, असं लाइनमन भाऊजींचं म्हणणं पडलं. तिथं रुजू व्हायला त्यांनी आठवड्याची मुदत आणि प्रवासभत्ता मागितला. प्रवासभत्ता म्हणून मी त्यांना चिवड्याची परात दिली. ते रुजू झाले.

बदल्यांचा एक फायदा झाला. नव्या कामात कुणालाच काही समजत नसल्याने तिघंही घाबरून वागू लागले. दिवसभरात एखादाच छोटा सौदा करायचे आणि लगेच बंद करायचे. उन्हाळा लागेपर्यंत खात्यात थोडा थोडा नफा साचला. लेक सुट्टीत आली, तिने सगळं तपासलं आणि चकित होऊन म्हणाली की आता खऱ्या पैशांनी करून बघायला हरकत नाही. तिघांनी लग्नाच्या आहेराइतके पैसे काढले आणि तिने यजमानांच्या नावावर खरं खातं उघडून दिलं.

खऱ्या बाजाराच्या पहिल्या दिवशी तिघंही इस्त्रीचे कपडे घालून आले. भाईंनी अत्तर लावलं होतं. लाइनमन भाऊजींनी जुने रबरी हातमोजे आणले होते, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नाही. बाजार उघडला. यजमानांनी अंगठा बटणाच्या वर धरला आणि धरूनच ठेवला. मग तू दाब, नाही तुमी दाबा, मी तं चलनवाला, असं सुरू झालं. दुपारी मी ताक दिलं तेव्हा मोबाइल भाईंच्या हातात होता आणि त्यांचा अंगठा तसाच वर. बाजार बंद झाला. संध्याकाळच्या बैठकीत मी लिहिलं की आज एकही व्यवहार झाला नाही, सबब तोटा निरंक. तिघांनी एकमेकांशी हात मिळवले. इतका निर्मळ निकाल याआधी कधी आला नव्हता, असं यजमान म्हणाले, आणि भाईंनी जाऊन जिलेबी आणली.

पुढचा सगळा आठवडा असाच गेला. जिलेबी रोज आली. शेवटी लेकीने फोनवर विचारलं की तुम्ही नक्की काय करता, तेव्हा भाईंना लाज वाटली आणि त्यांनी एक शेअर घेतला. अगदी एकच, तोही चहाच्या कपाहून स्वस्त. त्या एका शेअरवर तिघांनी दिवसभर पहारा केला. आळीपाळीने जेवले. लाइनमन भाऊजी दुपारभर जागे राहिले, त्यासाठी ते ओसरीत उभेच होते. भाव जरा वर गेला तसा तिघांनी मिळून तो विकला, तीन अंगठ्यांनी. नफा झाला होता. मग दलाली आणि कर कापून गेल्यावर खात्यात सकाळपेक्षा कमी पैसे निघाले.

हा आढावा सगळ्यांत लांब चालला. नफा झाला आणि पैसे कमी झाले, हे दोन्ही एकाच इतिवृत्तात कसं लिहावं ते मलाही कळेना. यजमान म्हणाले की खोट्या पैशांत निदान कुणी मध्ये हात घालत नव्हतं. भाई म्हणाले की खऱ्या पैशाने त्यांची भूक मेली आहे, आणि जिलेबीही तीच तीच खाऊन वीट आला. लाइनमन भाऊजींनी ठराव मांडला की खरं खातं बंद करावं आणि आपल्या मूळ कामावर, म्हणजे खोट्या पैशांवर, परत जावं. भाईंनी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

पैसे परत आले तसे वाटून दिले. भाईंनी त्यातून दुकानाला नवा बल्ब घेतला. लाइनमन भाऊजींनी कूलरची मोटर दुरुस्त करून घेतली, कारण आता खरंच उन्हाळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात यजमानांनी ओसरीतून मला हाक मारून सांगितलं की पंचेचाळीस हजार गेले. आवाज चांगला खणखणीत होता. मग त्यांनी तिघांसाठी चहा मागितला आणि आलं जरा जास्त किसायला सांगितलं.